खळ्याचा शकुन

"अगं बाई, सूर्याला खळं पडलंय!" मुलाची आत्या अंगणातून ओरडली. मला बघायला आलेले सगळे चहा तसाच ठेवून बाहेर धावले. आईने परातीत पाणी आणलं. त्या पाण्यात सूर्याभोवतीचं मोठं कडं बघून आत्याबाईंनी हात जोडले. "तू कॉलेजात हवामान शिकवतेस ना? मग हे शुभ की अशुभ, सांग."

उंच ढगांतल्या बर्फाच्या कणांमधून ऊन वाकतं आणि असं कडं दिसतं, एवढंच. दरवर्षी मी फळ्यावर त्याची आकृती काढते. पण मला लग्न नको होतं आणि माझ्या 'नाही'ला घरात किंमत नव्हती.

"फार अशुभ," मी गंभीर चेहऱ्याने म्हणाले. आत्याबाईंनी लगेच पर्स उचलली.

मुलगा मात्र तळहाताने सूर्य झाकून अजून आकाशाकडेच बघत होता. परात उचलायला मी जवळ गेले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "कड्याच्या दोन्ही बाजूंना बघा, खोटे सूर्यही उमटलेत. बर्फाचे कण अगदी आडवे तरंगत असणार. लहानपणापासून हे बघायची वाट पाहत होतो मी." मग माझ्याकडे बघून हसला. "घाबरू नका. आत्याला नाही सांगणार."

त्यांची गाडी कोपऱ्यावर वळली, तरी मी परात धरून तशीच उभी होते.

"खरंच अशुभ असतं का गं?" आईने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "फारच."