तांबड्या समुद्रापारची माकडं

"या देशात उन्हालासुद्धा अपॉइंटमेंट लागते," असं पुटपुटत आजींनी खुर्ची उन्हाच्या पट्ट्यात ओढली. हॅमिल्टनच्या त्या घरात तेवढाच एक पट्टा होता.

नात, धम्मदीना, खाली बसून शाळेचं पोस्टर रंगवत होती. तांबडा समुद्र, एक जहाज, जहाजावर माकडं.

"ही कुठली गं?"

"आपल्याकडची, आजी. टू थाउजंड यिअर्स एगो. इंडियातून शिपने इजिप्तला न्यायचे, रोमन ऑफिसर्सना पेट म्हणून. त्या माकडांची हाडं सापडलीत."

"चोरून न्यायचे?"

"नाही गं, विकत घेऊन. दे लव्हड देम हीप्स, खूपच. मेल्यावर नीट पुरायचे, शेजारी शिंपले ठेवून. एकाला तर कंपनी म्हणून मांजराचं पिल्लू."

"मेली कशानं?"

"खाणं बरोबर नव्हतं. फळं, भाज्या मिळायच्या नाहीत."

"एवढं प्रेम होतं, तर परत का नाही धाडलं?"

धम्मदीनाने ब्रश पाण्यात बुडवला. "इट वॉज वन-वे, आजी."

मुलगा जयवंत ओट्याजवळ उभा होता. त्याने खोली तापवणारा हीट पंप दोन अंशांनी वाढवला. "आई, पाय गार पडलेत का?"

त्यांच्या पायांत त्यानेच काल आणलेले लोकरीचे मोजे होते.

"मी काय माकड आहे का रे?" आजी हसल्या. "मार्चमध्ये जातेच आहे की मी. तेवढं अनुयाला कळवायचंय, घरातली टाकी धुऊन ठेव म्हणून. शेजारीण असून हल्ली फोनच उचलत नाही. किल्ली हरवली की काय तिच्याकडून?"

जयवंत म्हणाला, मार्चमध्ये नागपूरला फार ऊन असतं. मग म्हणाला, तिकिटं बघू. मागच्या वेळीही त्याने तिकिटं बघू असंच म्हटलं होतं.

"ऊन असतं म्हणूनच तर जायचंय. लाव आत्ता अनुयाला. स्पीकरवर लाव."

जयवंतने फोन घेतला आणि नुसताच हातात धरून राहिला.

त्याची बायको सुजाता भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. ओल्या हातांनी तशीच येऊन ती सासूच्या खुर्चीपुढे खाली बसली.

"आई, नागपूरचं घर आता आपलं नाही. आम्ही जूनमध्येच विकलं."