एकही तक्रार नाही

“पडला की दोन सेकंदांत उठवायचा,” जावईबापूंनी पडद्यावर बोट आपटलं. “मुकादमाला तसं सांगूनच ठेवलंय मी. म्हणून तर बिघाड शून्य.”

मुकादम म्हणजे माणूस नव्हे. इतर प्रोग्राम चालू आहेत की बंद पडलेत, यावर देखरेख करणारा तोही एक प्रोग्रामच. आणि ज्याचं कौतुक चाललं होतं, तो घंटेचा प्रोग्राम. वॉर्डातल्या चौदा खोल्यांपैकी कुणीही उशाशी बटण दाबलं, की सिस्टरांच्या टेबलावर घंटा वाजवून दिवा लावायचा, एवढंच त्याचं काम. पण जावईबापू असे फुलले होते, जणू पोरगं वर्गात पहिलं आलंय.

मोठ्या सिस्टर खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होत्या. हे गृहस्थ मालक डॉक्टरांचे जावई. दीड वर्षापूर्वी लग्न झालं आणि त्याच आठवड्यात त्यांना हॉस्पिटलमधलं सगळं जुनाट वाटायला लागलं. सासरेबुवा सोडून.

आज त्यांनी एक कागद टाइप करून आणला होता. यंत्रणा चोख आहे, सबब दर अर्ध्या तासाची सिस्टरांची फेरी पहिल्या तारखेपासून बंद. फेरी नाही म्हणून तिघींऐवजी एकच सिस्टर पुरे. धाकट्या दोघींना नारळ. मोठ्या सिस्टरनी टेबलापाशी बसायचं आणि दिवा लागला तर उठायचं. डॉक्टरांची सही तेवढी बाकी होती, आणि डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा होतं. बाहेर धाकट्या दोघी औषधांच्या ट्रॉलीवरच्या त्याच त्या बाटल्या पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

सिस्टरनी सांगून पाहिलं, की म्हातारी माणसं बटण दाबायला संकोचतात, काहींचा तर हातच पोचत नाही. जावईबापू बालवाडीतल्या पोराकडे बघून हसावं तसे हसले. भावना ठीक आहेत, म्हणाले, पण जरा आकडे बघा. गेल्या तीन आठवड्यांत घंटा वाजलेली नाही, म्हणजे पेशंट किती समाधानी. मग त्यांनी पेशंटांकडून भरून घेतलेले फॉर्म पत्त्यांसारखे पसरले. ‘बटण दाबलं, थोड्या वेळात सिस्टर आल्या’ असं नऊ जणांनी लिहिलं होतं. तक्रार एकही नाही.

सिस्टरनी एक फॉर्म उचलला. मग दुसरा. तारखा याच तीन आठवड्यांतल्या होत्या. घंटा वाजली नाही आणि बटण नऊ जणांनी दाबलं, हे दोन्ही एका दमात सांगूनही त्या शहाण्याला काहीच खटकलं नव्हतं.

“आणि तो घंटेचा प्रोग्राम न पडता, आपणहून थांबला तर?” सिस्टरनी विचारलं.

मग तो बिघाडच नव्हे, असं जावईबापूंनी समजावलं. काम संपलं असा नीट निरोप देऊन थांबलेल्या प्रोग्रामला मुकादम कशाला उठवेल? पडला तर उठव, नाहीतर हात लावू नकोस, असाच हुकूम आहे. उगाच सगळ्यांना उठवत बसणं हे अडाणीपणाचं लक्षण.

“घंटेचं काम संपतं कधी?” सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांचं पेन कागदाच्या वर अधांतरी राहिलं. त्यांनी प्रोग्रामची नोंदवही उघडायला सांगितलं. जावईबापूंनी ती मोठ्या थाटात उघडली आणि शेवटच्या ओळीपर्यंत खाली आले. ‘काम पूर्ण. थांबत आहे. बिघाड नाही.’ पुढे तारीख होती. त्यानंतर काहीही नव्हतं.

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. तेवीस दिवस.

तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर, जावईबापू म्हणाले, बिघाड शून्यच आहे. आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सिस्टर उठल्या.

“तेवीस दिवस घंटा बंद,” डॉक्टर पाठीमागून म्हणाले, “आणि एकही तक्रार नाही? असं कसं?”

प्रश्न सिस्टरनी दारातून ऐकला. पण त्या थांबल्या नाहीत. फेरीला आधीच चार मिनिटं उशीर झाला होता.