आधाराची दांडी

"वहिनी, दांडी कुठे येणार ते आत्ताच सांगा. नंतर भोक पाडताना नवी टाइल तडकेल."

जुन्या टाइल्स निघालेल्या बाथरूममध्ये मिस्त्री भिंतीला छिन्नीने टाचे मारत होता, म्हणजे नवं सिमेंट घट्ट धरेल.

वृंदाने दारात उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. याच बाथरूममध्ये ते दोनदा घसरून पडले होते. तरी दांडीचा विषय निघाला की म्हणत, "मी अजून म्हातारा झालो नाही."

"माझ्यासाठी लावतेय, नाना. गुडघे दुखतात हल्ली," असं म्हणत तिने आपल्या कमरेइतक्या उंचीवर पेन्सिलने खूण केली.

नाना भिंतीपर्यंत आले. तिच्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी खुणेच्या चार बोटं वर रेघ ओढली.

"खोटं बोलायचं तर बोल," ते म्हणाले. "माप तरी माझं घे."