शेल्फावरची बदकं

म्युनिकमध्ये चार महिने शोधूनही तनय आणि अपूर्वाला भाड्याचं घर मिळत नव्हतं आणि अपूर्वाला सातवा महिना लागला होता. दुसऱ्या दिवशी ते जे घर बघायला जाणार होते, ते आधीच बघून आलेला मित्र तनयला म्हणाला, "मालक शिकारी दिसतोय. शेल्फावर नुसती लाकडी बदकं मांडलीयेत."

तनयने रात्रीतून फसव्या बदकांचा अख्खा इतिहास पाठ केला. घरमालक हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रुकनर यांनी दार उघडलं आणि हा सुरूच झाला. उडती बदकं खाली उतरावीत म्हणून शिकारी पूर्वी लव्हाळ्याची बदकं पाण्यात सोडत. मग लाकडाची आली, मग प्लास्टिकची, आणि आता तर बॅटरीवर पंख फिरवणारीही निघाली आहेत. हेर ब्रुकनर "जा, गेनाऊ", म्हणजे "हो, अगदी बरोबर", म्हणत मान डोलावत राहिले. अपूर्वा एकटीच घर बघून आली.

संध्याकाळी फोन आला. घर त्यांनाच मिळालं होतं.

करारावर सही करताना तनय म्हणाला, "तुमचा बदकांचा संग्रह फारच छान आहे."

"मला बदकांतलं काही कळत नाही," हेर ब्रुकनर म्हणाले. "कोण किती गोड बोलतं ते बघायला जुन्या बाजारातून आणून ठेवलीत. तुम्ही अकरावे."

"मग घर आम्हाला कसं दिलंत?"

"तुम्हाला नाही, तुमच्या पत्नींना दिलंय. पाळणा कुठे मावेल, एवढंच विचारलं त्यांनी."