सरांच्या घरचा एसी

"पाच हजार दोनशे," मेकॅनिक शिडीवरूनच म्हणाला. "गॅस गळालाय. भरावा लागंल."

खाली शिडी धरून उभ्या असलेल्या बालाजीनं वडिलांकडं पाहिलं. महारुद्र सर खाटेवर बसून टॉवेलनं वारा घेत होते. धाराशिवच्या आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षं फ्रीज-एसीचीच दुरुस्ती शिकवली होती. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पंधराच दिवस झाले होते. शिडी चढायची बंदी.

"असंल बाबा," एवढंच ते म्हणाले.

मेकॅनिक गेला तसा बालाजी येरझाऱ्या घालू लागला. "आला, बघितलं, आकडा फेकला! आण्णा, तुमच्या रामलिंगला बोलावतो. तुमच्या हाताखाली शिकलेला माणूस तुम्हाला फसवणार न्हाय."

"कशाला खर्चात पडतो? मला अणदूरला सोड. तुझी कमलआत्या हाय तिथं. लिंबाखाली पडून राहीन."

"मागच्या उन्हाळ्यात त्याच लिंबाखाली चक्कर येऊन पडला होता. डॉक्टर म्हणले, गार खोलीत ठेवा. म्हणून तर एसी घेतला."

"अरं, खंडोबासुद्धा दोन महिनं अणदूर सोडून नळदुर्गाला राहून येतो. मी काय देवापेक्षा जड झालो व्हय हलवायला?"

"मामा, असं बोलू नका," दारात चहा घेऊन आलेली बालाजीची बायको दैवशाला म्हणाली. "उन्हाळ्यात म्हाताऱ्याला घालवलं म्हणून लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

लोकांचा विषय निघाला की त्या घरात चर्चा संपायची. बालाजी रामलिंगला फोन करायला गच्चीवर गेला. खाली रेंज नसते म्हणाला. तो अंघोळीला गेल्यावर सरांनीही मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ कुणाचा तरी नंबर शोधला. खाली रेंज चांगली होती.

दुसऱ्या दिवशी रामलिंग आला. आधी सरांच्या पाया पडला, मग शिडी चढला. बाहेरचं युनिट उघडलं, मीटर लावला आणि नुसताच बघत बसला. एकदा सरांकडं, एकदा बालाजीकडं.

"सांग की," बालाजी म्हणाला. "लाजू नको. काय असंल ते सांग."

"व्हय, सांग," सर म्हणाले. "माझा मुलाहिजा ठेवू नको."

"सर... सोळा हजार."

"किती?" बापलेक एकदमच ओरडले.

रामलिंगला घाम फुटला. कॉम्प्रेसर, कॉइल असं काहीतरी पुटपुटत त्यानं हत्यारं गोळा केली. व्हिजिटचे पैसे काही घेतले नाहीत. "सरांच्या घरचे घेऊ व्हय?" म्हणत तो पायऱ्या उतरला.

बालाजी भिंतीकडं बघत म्हणाला, "सोळा म्हणजे... पगार झाल्याशिवाय तर जमायचं न्हाय, आण्णा."

"नसू दे. पाऊस पडेस्तोवरचा तर प्रश्न हाय," सर जमिनीकडं बघत म्हणाले.

सरांची पिशवी दहा मिनिटांत भरून झाली. दैवशालानं धपाटे बांधून दिले. अणदुरात कमलबाईंच्या दारात उतरवताना बालाजीचे डोळे भरून आले. "एसी झाला की लगेच न्यायला येतो," तो म्हणाला. सरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. असा पोरगा नशिबानं मिळतो, असं त्यांनी बहिणीला दोनदा सांगितलं.

दुपारी लिंबाखाली बाज टाकून ते आडवे झाले, तोच फोन वाजला.

"सर, पोचलाव का अणदूरला?" रामलिंग होता.

"पोचलो! सुटलो बाबा त्या डबीतनं. चारशेचा कपॅसिटर गेलाय, व्हय ना?"

"व्हय सर. साडेतीनशेतबी होईल."

सर हसत सुटले. "पण मी आठ हजार सांग म्हणलो होतो ना गाढवा? सोळा कुठनं काढलंस?"

"मग काय करू सर? आठ तुमचे," रामलिंग म्हणाला, "आन आठ बालाजीदादांचे. त्यांचा फोन तर तुमच्या आधी आला होता."