बारीक अक्षरं

दिवसभर मशीनवर कॉलर शिवून आलेली आई भिंतीला टेकली आणि तिचे डोळे मिटले. अशीच दमून आली असताना तिने शाळेने सांगितलेलं वाचनाचं ॲप फोनवर घेतलं होतं, आणि खालची बारीक अक्षरं न बघता 'मान्य आहे' दाबून मोकळी झाली होती. चार ओळींना रडकुंडीला येणारी लेक आता दिसेल ते वाचत सुटायची. आज तिला ती बारीक अक्षरं सापडली.

"आई, ऐक ना. 'मुलाचा आवाज आणि घरातील सं... संभाषण आम्ही साठवू व इतर कंपन्यांना देऊ.'"

आईची पेंग उडाली. "काय? पुन्हा वाच बरं."

लेकीने पुन्हा वाचलं.

"शाब्बास!" फोन म्हणाला. "या वेळी एकदाही अडखळली नाहीस."