फक्त लेकींसाठी

पार्सिपनीच्या 'आद्य लेकी मंडळा'त शिरायला एकच अट होती: आई किंवा आजी १९६५च्या आधी अमेरिकेत आलेली हवी. सुनांना प्रवेश नव्हता. अध्यक्षा सुवर्णाकाकूंनी खुद्द स्वतःच्या सुनेचा, चारुताचा, अर्ज तीनदा परत केला होता. "रूल म्हणजे रूल. रक्ताचं नातं लागतं."

रौप्यमहोत्सवी सभेत हिमानी मंडळाचा इतिहास वाचून दाखवत होती. मध्येच ती अडखळली.

"काकू, १९६२ला आलेल्या या मालतीबाई तुमच्या आई, असं लिहिलंय इथे? या तर तुमच्या मिस्टरांच्या, सुमंतकाकांच्या आई ना? म्हणजे तुम्हीसुद्धा सूनच की!"

पंचवीस वर्षांचं अध्यक्षपद चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं लोंबू लागलं. काकूंनी शांतपणे टिश्यू घेतला आणि डोळे टिपले.

"अगं, सासूबाईंनी मला कधी सून मानलंच नाही!"

हेच वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून चाळीस वर्षं ऐकत आलो होतो. आतापर्यंत ती तक्रार होती, एवढंच.

चारुताने पर्समधून चौथा अर्ज काढला.

"मग हा आता घ्याच, आई. तुम्ही तरी मला कुठे सून मानलंत?"